मिझुरीत शेत घेतलं, आता सरकारी मदत शोधायची कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सेंट लुईसमध्ये नोकरी करणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी मेहुण्यांच्या भागीत, दोन तासांवर ओझार्क डोंगरांच्या कडेला ६८ एकर जमीन घेतली आहे. पुढच्या निम्म्या भागात गवताचं कुरण, मागे ओक-हिकरीचं रान, उतारावर दोन ओघळी आणि जुलैत आटणारं एक जुनं तळं. शेजारचा शेतकरी तोंडी बोलीवर गवत कापून नेतो. हे स्वतः ग्रीन कार्डवर आहेत, मेहुणे एच-वन-बीवर. पुढे वीस-पंचवीस शेळ्या पाळायच्या आणि थोडी भेंडी-मेथी लावायची असा बेत आहे. माण तालुक्यातून आलेले वडील रोज विचारतात, "इथला कृषी सहायक कुठं बसतो? सातबारा कुठनं काढायचा?" आणि यांनी चार रात्री इंटरनेटवर घालवूनही आपल्यासाठी नेमकी कोणती योजना आहे, हे कळलेलं नाही.

तुमच्यापेक्षा वडिलांचा प्रश्न जास्त नेमका आहे, म्हणून आधी त्यांना उत्तर देतो. मी राहुरीला शिकलो, नंतर मिझुरीतल्या कोलंबिया शहरात आलो आणि गेली एकवीस वर्षं इथंच माती-पाण्याचे आराखडे करतोय. सुरुवातीची वर्षं काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, संधारण मंडळात काढली, आता स्वतंत्र काम करतो. नव्यानं जमीन घेतलेली आपली माणसं तुमच्यासारखीच योजनांच्या याद्या वाचत बसतात. या याद्यांमध्ये इंग्रजी आद्याक्षरांचं इतकं रान माजलेलं असतं की वाचणारा दमून जातो. त्या बाजूला ठेवा. इथं योजना सगळ्यात शेवटी येते. आधी जमिनीची ओळख कागदावर लागते, मग जमिनीचा प्रश्न ठरतो आणि त्या प्रश्नाला लागू पडणारी योजना समोरचा माणूसच काढून देतो.

सातबाऱ्याचं म्हणाल, तर इथं सात एका ऑफिसात आहे आणि बारा दुसऱ्या. मालकी, म्हणजे गाव नमुना सात, काउंटीच्या कोर्टहाउसमध्ये रेकॉर्डर ऑफ डीड्सकडे. तुमचं खरेदीखत तिथं नोंदलेलं असणारच. शेतसारा म्हणावा तसा प्रॉपर्टी टॅक्स ज्या मूल्यावर लागतो, ते काउंटीचा असेसर नावाचा अधिकारी ठरवतो. मिझुरीत शेतजमिनीला बाजारभावावर कर लागत नाही. जमिनीच्या उत्पादनक्षमतेवरून जे मूल्य निघतं, त्याच्या १२ टक्क्यांवर तो आकारतात. घराला हेच प्रमाण १९ टक्के आहे. तेव्हा खरेदीनंतर जमिनीचा वर्ग 'शेती' असाच राहिलाय ना, हे एकदा असेसरकडे पाहून घ्या. पीकपाहणी, म्हणजे बारा, मात्र कोर्टहाउसमध्ये नसते. ती असते फार्म सर्व्हिस एजन्सीकडे, म्हणजे एफएसएकडे. तिथं तुमच्या जमिनीला फार्म नंबर आणि ट्रॅक्ट नंबर असतो, हवाई नकाशावर प्रत्येक तुकड्याची हद्द आखलेली असते, आणि कोणत्या वर्षी कशात काय होतं याच्या नोंदी असतात.

हा फार्म नंबर म्हणजे सगळ्या कुलुपांची किल्ली. तो तुमच्या नावावर आल्याशिवाय केंद्र सरकारच्या कोणत्याही शेतीयोजनेचा अर्ज पुढे सरकत नाही. बहुतेक वेळा जमिनीला नंबर आधीपासूनच असतो, पण तो जुन्या मालकाच्या नावावर पडून राहिलेला असतो. कोर्टहाउसमध्ये खत नोंदलं म्हणून एफएसएकडची नोंद आपोआप बदलत नाही. खताची प्रत घेऊन आपण स्वतः जावं लागतं. तीन-तीन वर्षं जमीन कसूनही ही नोंद न केलेली माणसं मी पाहिली आहेत. दुष्काळाची मदत जाहीर झाल्यावर धावपळ सुरू होते आणि तोवर मुदत संपत आलेली असते.

आता कृषी सहायक कुठे बसतो ते. तुमच्या काउंटीच्या मुख्य गावात, नाहीतर शेजारच्या काउंटीत, 'यूएसडीए (म्हणजे केंद्राचं कृषी खातं) सर्व्हिस सेंटर' अशी पाटी असलेली एक बैठी इमारत असेल. फार्मर्स डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर काउंटीचं नाव टाकलं की पत्ता आणि फोन मिळतो. इमारत एक असली तरी आत सहसा तीन घरं नांदतात. पहिलं एफएसए. नोंदी, कर्ज, नुकसानभरपाई आणि थेट पैसे त्यांच्याकडे. दुसरं एनआरसीएस, म्हणजे नॅचरल रिसोर्सेस कन्झर्व्हेशन सर्व्हिस. माती, पाणी, कुरण, रान यांचे तांत्रिक आराखडे आणि त्यावरचं अनुदान त्यांच्याकडे. ही दोन्ही केंद्र सरकारची. तिसरं काउंटीचं सॉइल अँड वॉटर कन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्ट, मृद आणि जलसंधारण मंडळ म्हणा. ते राज्याच्या पैशावर चालतं आणि त्याचा कारभार स्थानिक शेतकऱ्यांतून निवडून आलेले सभासद पाहतात.

नवखी माणसं या तिसऱ्या दाराकडे फिरकतही नाहीत. मिझुरीत खरं तर तिथंच सगळ्यात आधी जावं, आणि त्यामागे या राज्याचा इतिहास आहे. पाऊस पडल्यावर वेगवेगळ्या पिकांखालच्या उतारावरून किती माती वाहून जाते, हे देशात पहिल्यांदा मोजलं गेलं ते इथं, कोलंबियात. मिलर आणि ड्यूली या दोन प्राध्यापकांनी १९१७ मध्ये विद्यापीठाच्या जमिनीवर छोटे वाफे आखले आणि खालून वाहणारं गढूळ पाणी टाक्यांत धरलं. पुढे धुळीच्या वादळांनी अर्धा देश झाकोळला. ह्यू हॅमंड बेनेट या मातीच्या माणसानं काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, पटवून दिलं आणि १९३५ मध्ये सॉइल कन्झर्व्हेशन सर्व्हिस उभी राहिली. आजचं एनआरसीएस ते हेच, नाव १९९४ मध्ये बदललं. एवढं होऊनही १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला माती वाहून जाण्यात मिझुरीचा देशात दुसरा क्रमांक होता. १९८४ मध्ये इथल्या मतदारांनी स्वतःवर विक्रीकर लावून घेतला. शंभर डॉलरच्या खरेदीवर दहा सेंट. त्यातला निम्मा राज्याच्या उद्यानांना जातो आणि निम्मा माती-पाण्याला. तेव्हापासून पुन्हा पुन्हा मतदान होऊन हा कर कायम राहिलाय. सेंट लुईसमध्ये तुम्ही चपला घेतल्या तरी त्यातले काही सेंट तुमच्या ओघळीच्या कामाला येतात. याच पैशातून राज्यातल्या ११४ मंडळांना निधी मिळतो आणि ओघळी बुजवणं, समपातळी बांध, जनावरांचं पाणी, कुरणाची आखणी अशा कामांना ठरवून दिलेल्या सरासरी खर्चाच्या साधारण ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं. राज्याचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. उन्हाळ्यातच मंडळात नाव घालून ठेवलं तर तुमच्या काउंटीच्या वाट्याचा निधी संपायच्या आत नंबर लागू शकतो.

एक अट मात्र आत्ताच सांगतो, कारण तिच्यामुळे वर्ष वाया जातं. मंडळाकडून कुरणाच्या कामांना, म्हणजे आतली कुंपणं, पाइपलाइन, पाण्याची टाकी यांना अनुदान हवं असेल, तर आधी 'ग्रेझिंग स्कूल' करावं लागतं. दोन-तीन दिवसांचा वर्ग असतो. एनआरसीएस, विद्यापीठाचं एक्स्टेन्शन (कृषी विस्तार विभाग) आणि मंडळं मिळून तो घेतात आणि मोजक्याच तारखांना भरवतात. नाव आजच द्या. माझ्या मते अनुदान नसतं तरी हा वर्ग करावा. गवत किती उंच असताना जनावर आत सोडायचं, किती उरलं की बाहेर काढायचं, तुकडा किती दिवस मोकळा ठेवायचा, हे तिथं शेतात उभं राहून शिकवतात. तुमच्या कुरणात बहुधा केंटकी ३१ जातीचं फेस्क्यू गवत असणार. त्यात वाढणाऱ्या एका बुरशीमुळे जनावरांना त्रास होतो. त्यावर काय करायचं हेही तिथंच कळेल.

मेहुण्यांचा मुद्दा नाजूक आहे आणि तातडीचाही. अमेरिकेत १९७८ पासून कायदा आहे की परदेशी व्यक्तीनं शेतजमिनीत हिस्सा घेतला तर ९० दिवसांच्या आत कृषी खात्याला कळवायचं. या कायद्याच्या नजरेत ग्रीन कार्डवाला परदेशी नाही, एच-वन-बीवाला आहे. कुरण आणि रान हीसुद्धा शेतजमीनच धरली जाते. दहा एकरांच्या आतल्या किरकोळ जमिनीला सूट आहे, पण ६८ एकरांना ती लागू होत नाही. अर्जाचं नाव एफएसए-१५३, तो काउंटीच्या एफएसए ऑफिसात भरायचा, आणि त्याला फी नाही. उशीर झाला तर दर आठवड्याला दंड चढत जातो आणि कायद्यानं तो जमिनीच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. रिअल इस्टेट एजंटनं हे सांगितलं नसेल, बँकेनंही नसेल. या जमिनीत एच-वन-बीवर असलेल्या माणसाचा हिस्सा आहे, एवढी एक गोष्ट मला कळली असती तरी मी सगळं सोडून आधी हेच सांगितलं असतं. शिवाय परकीयांच्या जमीनमालकीवर वेगवेगळ्या राज्यांचे स्वतंत्र कायदे आहेत. त्यासाठी शेतजमिनीची कामं करणाऱ्या स्थानिक वकिलाला एक तास द्या. ९० दिवस उलटून गेले असतील तर घाबरून गप्प बसू नका. स्वतः होऊन जाणं केव्हाही बरं.

योजनांच्या पात्रतेतही या हिश्शाचा फरक पडतो. ग्रीन कार्ड असलेल्याला बहुतेक योजनांची दारं नागरिकासारखीच उघडी असतात. ते नसलेल्याला नुसती मालकी पुरत नाही, भांडवलाबरोबर स्वतःच्या अंगमेहनतीचा मोठा वाटाही दाखवावा लागतो. दोघांनी मिळून एलएलसी काढली असेल, तर कंपनीला मिळणाऱ्या पैशातून अपात्र भागीदाराचा वाटा कापला जाऊ शकतो. अजून काढली नसेल तर घाईनं काढू नका. मेहुण्यांशी मोकळेपणानं बोला. जमीन दोघांची, पण शेती कसणारे म्हणून तुम्ही एकटे आणि तसा लेखी भाडेकरार, अशी रचना पुष्कळ कुटुंबं करतात. तुमच्या बाबतीत ती कशी बसेल, हे वकील आणि एफएसए दोघांनाही विचारा.

शेजाऱ्याची तोंडी बोलीही कागदावर आणा. गावाकडच्या कुळकायद्याची भीती आपल्या मनात खोल बसलेली असते, म्हणून पुष्कळजण हा विषयच टाळतात. इथं गवत कापणारा कूळ होऊन मालकी मागत नाही. पण तोंडी करारही कायद्यानं वर्षाचा करार धरला जातो आणि तो मोडायचा तर वर्ष संपायच्या ६० दिवस आधी लेखी कळवावं लागतं. दुसरं असं की, एफएसएच्या नोंदीत मालक आणि कसणारा हे दोन वेगळे रकाने आहेत. कसणारा म्हणून त्याचंच नाव लागलेलं असेल, तर उद्या तुम्ही कुरणाच्या कामाला अर्ज केलात की जमिनीचा ताबा नेमका कोणाकडे, हा प्रश्न उभा राहणार. अनुदानाच्या करारात सगळी मुदत जमीन तुमच्या ताब्यात राहील, असं दाखवावं लागतं. शेजाऱ्याला विश्वासात घ्या. त्याला गवत हवंय, तुम्हाला जमिनीचा इतिहास. तळं कधी बांधलं, ओघळ कोणत्या पावसात पडली, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आता ऑफिसात जायचं. आधी फोन करून वेळ घ्या. या ऑफिसांत माणसं कमी पडलेली आहेत, आणि न सांगता गेलात तर ज्याच्याशी बोलायचं तो कोणाच्या तरी शेतावर असतो. फोनवर "माझ्यासाठी कोणत्या योजना आहेत?" असं विचारू नका. त्याचं उत्तर म्हणून माहितीपत्रकांचा गठ्ठा मिळतो. असं सांगा: "नवीन जमीन घेतली आहे, फार्म नंबर नावावर करायचा आहे, उतारावर दोन ओघळी पडल्या आहेत आणि जनावरांना पाणी नाही." या एका वाक्यात तिन्ही घरांना आपापलं काम सापडतं. जाताना नोंदलेलं खरेदीखत, ओळखपत्र, ग्रीन कार्ड, सोशल सिक्युरिटी क्रमांक, बँकेचा रद्द केलेला चेक आणि शेजाऱ्याशी झालेला करार न्या.

एफएसएमध्ये पहिल्याच दिवशी दोन-तीन फॉर्म पुढ्यात येतील. एडी-१०२६ नीट वाचून सही करा. धूप होणारी जमीन आराखड्याशिवाय नांगरणार नाही आणि पाणथळ जागा बुजवून पीक घेणार नाही, असं वचन त्यात असतं. १९८५ च्या कायद्यापासून ते केंद्राच्या बहुतेक मदतीला जोडलेलं आहे. भेंडी-मेथीसाठी कुरणाचा तुकडा फोडणार असाल तर तो नकाशावर आधी दाखवा. सीसीसी-९४१ हा उत्पन्नाचा. आधीच्या तीन वर्षांचं सरासरी उत्पन्न नऊ लाख डॉलरच्या आत असलं की सर्वसाधारणपणे पुरतं. तुमच्या पगाराची शेतीयोजनांना अडचण नाही, अडचण येते ती कर्जाला. एफएसएचं सूक्ष्म कर्ज ५०,००० डॉलरपर्यंत मिळतं, पण ते ज्याला बाजारात रास्त अटींवर कर्ज मिळत नाही त्याच्यासाठी आहे. दोन नोकऱ्यांच्या घराला सहसा ते बसत नाही. त्यावर वेळ घालवू नका.

'नवशिके शेतकरी' हा दर्जा मात्र न विसरता मागा. दहा वर्षं किंवा त्याहून कमी काळ शेती करत असाल आणि शेतीत तुमचा प्रत्यक्ष सहभाग असेल तर तो मिळतो. शेवटच्या अटीकडे लक्ष द्या. तुम्ही दोन तासांवर राहता. कोणत्या शनिवारी काय काम केलं, कोणता खर्च केला, कोणता निर्णय घेतला, हे एका वहीत लिहीत जा. या दर्जामुळे एनआरसीएसच्या इक्विप योजनेत, म्हणजे पर्यावरण-गुणवत्ता प्रोत्साहन योजनेत, अनुदानाचा दर चढतो. नेहमीची मर्यादा अंदाजे खर्चाच्या ७५ टक्के, नवशिक्यांना ९० टक्क्यांपर्यंत. शिवाय त्यातली किमान निम्मी रक्कम काम सुरू करण्याआधी उचल म्हणून मागता येते. विमा नसलेल्या पिकांसाठी एफएसएचं जे नॅप नावाचं संरक्षण आहे, त्याच्या मूळ स्तराची फीही नवशिक्यांना माफ असते. भाजीपाल्यासाठी ते विचारून ठेवा.

इक्विपचा अर्ज वर्षभर केव्हाही करता येतो, पण ठरावीक तारखेपर्यंत आलेले अर्जच त्या फेरीत तपासले जातात. फेरीची तारीख दर वर्षी बदलते, ऑफिसात विचारा. इथं आधी येईल त्याला आधी, असं नाही. प्रत्येक अर्जाला गुण मिळतात. माती वाचते का, पाणी स्वच्छ होतं का, एका आराखड्यात किती प्रश्न सुटतात, यावर ते ठरतात. म्हणून नुसतं "कुंपण हवं" म्हणणारा मागे पडतो. ओघळीपासून जनावरं दूर ठेवायची, त्यांना पाणी दुसरीकडे द्यायचं, कुरणाचे पाच-सहा तुकडे करून आलटून पालटून चारायचं, असा जोडलेला आराखडा पुढे जातो. हा आराखडा एनआरसीएसचा माणूस शेतावर येऊन फुकट करून देतो. योजना मिळो न मिळो, आराखडा तुमचा. पहिल्या वर्षी नंबर लागला नाही तर अर्ज पुढच्या फेरीसाठी ठेवायला सांगा. माझ्या ओळखीतल्या पुष्कळांचा दुसऱ्या फेरीत लागलाय.

आणि आता जे सांगतोय ते कृपा करून घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या होईपर्यंत अनुदानाच्या कामाची एक कुदळसुद्धा मारायची नाही. सामान आणून टाकलं, जेसीबीवाल्यानं "आलोच आहे तर करून टाकतो" म्हटलं, काम सुरू झालं, की त्या कामाचं अनुदान गेलं. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाचा अर्ज गुणांत वरती आला होता. निवड झाल्याचं पत्र हातात पडलं आणि आनंदाच्या भरात मुलांनी दोन वीकेंडमध्ये आतलं कुंपण उभं केलं. ते पत्र निवडीचं होतं, कराराचं नव्हतं. त्या कुंपणाला एक डॉलरही मिळाला नाही. आराखडा मीच केला होता, आणि ही गोष्ट मी त्यांना तोंडी सांगितली होती, लिहून दिली नव्हती. तेव्हापासून प्रत्येकाला पहिल्या भेटीतच लिहून देतो.

काम झाल्यावर एनआरसीएसचा माणूस मोजून पाहतो आणि मग पैसे येतात. ते दर आधीच ठरलेले असतात, तुमच्या बिलावर चालत नाहीत. काम महाग पडलं तर वरचा फरक तुमचा. पावत्या तरी जपा, कारण या पैशाचा १०९९-जी हा कराचा फॉर्म येतो आणि करात तो दाखवावा लागतो. केलेल्या कामाला आयुष्यही ठरवून दिलेलं असतं. कुंपण आणि पाण्याची टाकी वीस वर्षं, गवताळ पाणवाट दहा वर्षं. तेवढा काळ ती चांगली राखायची जबाबदारी तुमची. मधेच जमीन विकलीत तर घेणाऱ्यानं करार पुढे चालवला पाहिजे, नाहीतर पैसे परत करावे लागतात. मेहुण्यांना व्हिसामुळे परत जावं लागलं तर काय, याचा विचार म्हणून आत्ताच करा.

योजनांच्या याद्यांत तुम्ही सीआरपीबद्दल वाचलं असेल, म्हणजे जमीन १० ते १५ वर्षं गवताखाली ठेवून वर्षाला भाडं घेण्याची योजना. तिच्या सर्वसाधारण प्रकाराला पिकाखाली असलेल्या जमिनीचा इतिहास लागतो. तुमचं कुरण त्यात बसत नाही. गवताळ जमिनीसाठी वेगळा प्रकार आहे, पण जमीन नावावर होऊन साधारण बारा महिने झालेले असावे लागतात. यंदा तो विषय सोडा. फक्त एक तपासा. जुन्या मालकाचा एखादा सीआरपी करार या जमिनीवर चालू नाही ना? असेल तर तो लगेच तुमच्या नावावर करून घ्यावा लागतो.

तळ्याबाबत अपेक्षा बेताची ठेवा. ओझार्कच्या खाली सच्छिद्र चुनखडक आहे. तळी आटतात ती बाष्पीभवनानं कमी आणि तळातून जास्त. नुसतं गाळ काढून ते थांबत नाही. उलट गाळाबरोबर पाणी धरून ठेवणारा चिकण थर खरवडला गेला तर गळती वाढते. जनावरांच्या पाण्यासाठी अनुदान मिळू शकतं, मासे पाळण्यासाठी किंवा बघायला छान वाटावं म्हणून मिळत नाही. तुमच्या जागी मी विहिरीवरून पाइपलाइन आणि दोन टाक्या मागितल्या असत्या आणि तळ्याचा नाद यंदापुरता सोडला असता. जाण्याआधी 'वेब सॉइल सर्व्हे' या सरकारी नकाशावर आपली हद्द आखून मातीचे प्रकार पाहून ठेवा. फुकट आहे, आणि बोलताना उपयोगी पडतं.

इमारतीबाहेरची आणखी तीन दारं. मिझुरी विद्यापीठाचं एक्स्टेन्शन ऑफिस काउंटीत असतं. माती परीक्षण तिथून करून घ्या, अगदी पहिल्या महिन्यात. फेस्क्यूला चुना किती लागतो हे त्याशिवाय कळत नाही. शेळ्यांसाठी जेफरसन सिटीच्या लिंकन विद्यापीठाकडे जा. यादवी युद्धातून परतलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांनी आपल्या पगारातून वर्गणी काढून १८६६ मध्ये ते उभं केलं. लहान शेतकरी आणि शेळ्या-मेंढ्या यांवरचं त्यांचं काम जुनं आहे. जंतांचा प्रश्न या दमट हवेत शेळ्यांना किती छळतो, हे त्यांच्याकडून ऐकल्याशिवाय पहिली शेळी आणू नका. आणि मागच्या रानासाठी राज्याचं कन्झर्व्हेशन खातं. त्यांचा माणूस रानात येऊन कोणतं झाड ठेवावं, कोणतं काढावं, कुरणात घुसलेल्या लाल सीडरचं काय करावं, हे फुकट सांगतो. काही कामांना त्यांचंही अनुदान असतं. लिकिंग गावी त्यांची रोपवाटिका आहे, तिथं देशी झाडांची रोपं अगदी स्वस्त मिळतात. मोठी झाडं पाडायची असतील तर थांबा आणि त्यांना विचारा. सैल सालीच्या झाडांत इंडियाना वटवाघळं उन्हाळ्यात पिलं वाढवतात, त्यामुळे तोडीच्या महिन्यांवर बंधन येऊ शकतं.

या सगळ्या ऑफिसांत अर्जाला पैसे लागत नाहीत. "सरकारी शेती अनुदान मिळवून देतो" म्हणून फी मागणाऱ्याला नमस्कार करून निघा. आणि एक हक्क वापरायला लाजू नका. एफएसए आणि एनआरसीएसमध्ये काही विचारलंत, अर्ज मागितलात की 'रिसीट फॉर सर्व्हिस' मागा. कधी आलात, काय विचारलं, काय उत्तर मिळालं, हे त्यावर लिहून देणं कायद्यानं त्यांना बंधनकारक आहे. आपल्या उच्चारामुळे, रंगामुळे किंवा टायवाल्या नोकरीमुळे समोरच्यानं उडवून लावलं असं वाटलं, तर हा कागद पुढे कामाला येतो. असं रोज होतं असं नाही. मला या ऑफिसांत फार जीव लावणारी माणसं भेटली. पण पहिल्याच भेटीत हिरमुसून परत गेलेली आपली माणसंही मी पाहिली आहेत, आणि ती पुन्हा त्या दारात गेली नाहीत याचं मला अजून वाईट वाटतं. नकार लेखी आला तर त्याविरुद्ध दाद मागायला साधारण ३० दिवस असतात. पाकीट न फोडता ठेवू नका. आणि हो, एफएसएची काउंटी समिती शेतकऱ्यांच्या मतांवर निवडली जाते. मतपत्रिका नोव्हेंबरच्या सुमाराला टपालानं येते. आली की मत द्या.

राहिला वडिलांना पडलेला आणखी एक प्रश्न, की उतारावर सलग समतल चर का नाही खणत? बाहत्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर चर आणि नालाबांध खणलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. गवत कापायचं यंत्र चरांवरून जात नाही आणि इथं पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरच्या पुढे असतो. माणात पाणी अडवून जिरवायचं असतं, इथं जास्तीचं पाणी माती न नेता सुखरूप खाली उतरवायचं असतं. म्हणून ओघळीच्या माथ्याशी पाणी पाइपनं खाली सोडणारा छोटा बांध आणि पुढे रुंद, उथळ, गवतानं भरलेली वाट करतात. एनआरसीएसचा माणूस पाहणीला येईल त्या दिवशी वडिलांना शेतावर न्या. ओघळ नेमकी कुठून सुरू होते, ते त्यांनाच दाखवू द्या.